मोबाइल म्हातारा होतो की म्हातारा केला जातो?

चुडाव्यात मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर जाऊन विचारा, ‘फोन एवढा स्लो का पडला?’ उत्तर ठरलेलं असतं. बॅटरी गेली, नाहीतर अपडेट मारलं असेल, नाहीतर ‘जुना झाला दादा, आता नवा घ्या’. तिन्ही उत्तरं खोटी नाहीत. पण तिन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की फोनचं म्हातारपण माणसाच्या म्हातारपणासारखं नैसर्गिक आहे आणि त्यात कुणाचा हात नाही. आमचं म्हणणं असं, की हात आहे. तो कुणाचा होता, कसा सापडला आणि सापडल्यावर कुणाला काय मिळालं, हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे.

हा काय चळवळीचा विषय आहे का, असं काही कार्यकर्ते विचारतात. त्यांना आम्ही उलट विचारतो: २०१८ पासून शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरता? महाडीबीटीवर. २०२१ पासून पिकाची नोंद कशात? ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस ॲपवर सक्तीची झाली, कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा फोटो काढून. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर वस्त्यांत झालेली पोलीस कारवाई राज्याने पाहिली ती कशातून? लोकांच्या मोबाइलमधल्या व्हिडिओंतून. फोन आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. तो रेशनकार्डाच्या रांगेत जाऊन बसला आहे.

आणि या भागात काम करताना आम्हाला आणखी एक दिसतं. नवा फोन पुण्याला कंपनीत कामाला गेलेल्या पोराकडे असतो. त्याचा जुना कॉलेजात जाणाऱ्या भावाकडे येतो, त्याचा जुना बहिणीकडे, आणि काच तडकलेला, दुपारपर्यंतच टिकणारा शेवटचा फोन आईच्या हातात. घरातला सगळ्यात हळू चालणारा फोन घरातल्या बाईच्या वाट्याला येतो. म्हणून जुना फोन हळू करण्याचा निर्णय परदेशातल्या एखाद्या कार्यालयात झाला, तरी त्याचा भार शेवटी कुणावर पडतो हे वेगळं सांगायला नको.

आता इतिहास. वस्तू लवकर निकामी व्हावी अशी सोय करून ठेवणं ही काही मोबाइल कंपन्यांची अक्कल नाही. १९२४ मध्ये जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्या एकत्र आल्या. ओसराम, फिलिप्स आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी संबंधित कंपन्या त्यात होत्या. त्यांच्या या टोळीचं नाव फीबस. तोवर बल्ब दीड-दोन हजार तास जळत असे. यांनी ठरवलं, हजार तासच जळायचा. ज्या कारखान्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड! चांगला माल बनवला म्हणून दंड भरणारे कारखानदार जगाने तेव्हा पाहिले. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ती टोळी मोडली, पण विचार मोडला नाही. १९३२ च्या मंदीत बर्नार्ड लंडन नावाच्या अमेरिकन दलालाने तर पुस्तिकाच काढली, की सरकारनेच वस्तूंचं आयुष्य ठरवून द्यावं आणि मुदत संपली की त्या मोडीत काढाव्यात, म्हणजे कारखाने चालतील.

मोबाइलच्या बाबतीत मात्र सुरुवात उलटी होती. आपल्यापैकी पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला नोकिया ११०० आठवत असेल. २००३ चा तो फोन. नखाने मागचं झाकण काढायचं, बॅटरी बाहेर, दुसरी आत. त्या बॅटरीचा नंबरही अनेकांना पाठ होता: बीएल-५सी. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं, की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात, त्या बदलून देऊ. भारतात मोठा गोंधळ उडाला. मोबाइल फुटतो अशी अफवा गावोगाव पोहोचली, दुकानांपुढे गर्दी झाली. पण त्या गोंधळातली एक गोष्ट आज महत्त्वाची वाटते. माणूस स्वतःच्या हाताने झाकण काढून बॅटरीवरचा क्रमांक वाचू शकत होता. दोष तपासणं त्याच्या हातात होतं आणि दुरुस्ती म्हणजे फक्त बॅटरी बदलणं होतं. फोन तोच राहत होता.

त्याच वर्षी, जून २००७ मध्ये, ॲपलचा पहिला आयफोन अमेरिकेत विक्रीला आला. त्याची बॅटरी आत बंदिस्त होती. पुढच्या आठ-दहा वर्षांत जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी हीच वाट धरली. फोन पातळ झाला, पाण्यापासून थोडा सुरक्षित झाला, हे फायदे आम्ही नाकारत नाही. पण झाकण गेलं आणि झाकणाबरोबर मालकाची नजरही गेली. आत काय चाललंय हे फक्त कंपनीने सांगितलं तर कळणार.

थोडं विज्ञान समजून घेऊ, नाहीतर आपण व्हॉट्सॲपवरच्या ‘सगळ्या कंपन्या फोन मारतात’ छाप फॉरवर्डच्या नादी लागू. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि ती घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही बॅटरी प्रत्येक चार्जिंगनिशी थोडी झिजते. ॲपलच्याच सांगण्यानुसार त्या काळच्या आयफोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येई, असं गणित होतं. झिजलेल्या बॅटरीत वीज कमी साठते एवढंच नसतं, तिचा आतला विरोध वाढतो. फोनच्या प्रोसेसरने अचानक जास्त वीज मागितली, म्हणजे कॅमेरा उघडला, जड ॲप सुरू केलं, की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन बंद पडतो. स्क्रीनवर ३० टक्के दिसत असले तरी. विहिरीत पाणी आहे, पण मोटार ओढेल तेवढा झरा नाही, असं काहीसं. उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. ३५ अंशांच्या वर क्षमता कायमची घटू शकते असं कंपनीच सांगते, आणि परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या पुढेच असतो. म्हणजे मराठवाड्यात पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाची बॅटरी थंड देशातल्या माणसापेक्षा लवकर झिजण्याचा धोका आहे. वॉरंटीचे महिने मात्र दोघांना सारखेच.

२०१६ च्या शेवटी आयफोन ६ आणि ६एस असेच अचानक बंद पडू लागले. नोव्हेंबरमध्ये ॲपलने ६एसच्या काही फोनच्या बॅटऱ्या फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ हे अपडेट आलं. फेब्रुवारीत कंपनीने सांगितलं, की या अपडेटमुळे अचानक बंद पडण्याचं प्रमाण ६एसमध्ये ८० टक्क्यांहून अधिक आणि ६ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक कमी झालं. कसं कमी झालं? ते सांगितलं नाही. लोकांनी अपडेट घेतलं, फोन बंद पडायचा थांबला आणि हळू झाला. लोकांना वाटलं, फोन जुना झाला. ज्यांना परवडत होतं त्यांनी नवा घेतला.

चोरी पकडली कुणी? कुठल्या सरकारने नाही, कुठल्या मोठ्या वर्तमानपत्राने नाही. डिसेंबर २०१७ मध्ये रेडिट या संकेतस्थळावर एका सामान्य वापरकर्त्याने लिहिलं, की बॅटरी बदलल्यावर माझा आयफोन ६एस पुन्हा पहिल्यासारखा धावू लागला. ते वाचून फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंच या ॲपचे जॉन पूल यांनी आपल्याकडे जमलेल्या हजारो फोनच्या नोंदी काढल्या. आयओएस १०.२ वर चालणाऱ्या ६एसच्या बहुतेक नोंदी एकाच वेगाभोवती जमल्या होत्या. १०.२.१ पासून कमी वेगाचे नवेच ढीग दिसू लागले, तेही ठरावीक टप्प्यांवर. म्हाताऱ्या होणाऱ्या वस्तू अशा मोजून-मापून पायऱ्या उतरत नाहीत. १८ डिसेंबरला त्यांनी आलेख प्रसिद्ध केले. दोन दिवसांत ॲपलने मान्य केलं, की होय, झिजलेल्या बॅटरीच्या फोनचा वेग आम्ही अपडेटमधून कमी करतो. २८ डिसेंबरला माफी मागितली.

इथे आमचं मत स्पष्ट सांगतो. वेग कमी करण्यामागे तांत्रिक कारण होतं, ते खोटं नव्हतं. अचानक बंद पडणाऱ्या फोनपेक्षा हळू चालणारा फोन बरा, असं कुणालाही वाटू शकेल. गुन्हा आहे तो न सांगण्यात. ‘तुमची बॅटरी झिजली आहे, ती बदलली की फोन पूर्ववत होईल’ हे एक वाक्य स्क्रीनवर दाखवलं असतं, तर माणसाने नव्या फोनऐवजी नवी बॅटरी घेतली असती. ते वाक्य वर्षभर दाबून ठेवलं गेलं. ज्ञान एका बाजूला आणि पैसे भरणं दुसऱ्या बाजूला, ही रचना आपल्या समाजाला नवी नाही. पोथी वाचायचा अधिकार एकाचा आणि दक्षिणा द्यायची दुसऱ्याने, हे आपण शेकडो वर्षं भोगलं आहे.

पुढे काय झालं ते पाहा. बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आला, भारतात साडेसहा हजारांवरून दोन हजार रुपये अधिक कर. (त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. सवलतीची बॅटरीही दहा दिवसांची मजुरी.) मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारा रकाना आला आणि वेग कमी करणं बंद करायची सोयही आली. म्हणजे हे आधीही करता आलं असतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. सॅमसंगला नोट ४ या जुन्या फोनवर त्याला न झेपणारं अपडेट लादल्याबद्दल. फ्रान्समध्ये वस्तूंचं आयुष्य मुद्दाम कमी करणं हा २०१५ पासून गुन्हाच आहे. तिथल्या एका ग्राहक संघटनेच्या तक्रारीवरून चौकशी झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरो दंड झाला. पण नीट वाचा, तो दंड फोन मुद्दाम निकामी केल्याचा नव्हता, ग्राहकाला माहिती न दिल्याचा होता. अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, शिवाय तीसहून अधिक राज्यांच्या महाधिवक्त्यांबरोबर ११ कोटी ३० लाख डॉलरची वेगळी. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या दावेदारांच्या खात्यात प्रत्येकी ९२ डॉलरच्या आसपास पडले. कंपनीने गुन्हा मात्र कबूल केला नाही. ही भरपाई अमेरिकेतल्या ग्राहकांची होती. तोच फोन, तेच अपडेट, पण आपल्या पदरात दरातली सूट.

‘चुडाव्यात आयफोन आहेत किती?’ हा प्रश्न रास्त आहे. सेकंडहँड आयफोन पोरांच्या हातात आता दिसू लागले आहेत, पण बहुतेकांकडे सात-दहा हजारांचे अँड्रॉइड आहेत. त्यांच्या बाबतीत गुप्त अपडेटची गरजच पडत नाही. फोन जागच्या जागी राहतो आणि ॲप जड होत जातं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण परदेशात नाही, महाराष्ट्रात आहे.

२०१९ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानासाठी सरकारने स्मार्टफोन दिले. रॅम २ जीबी. दोन वर्षांत वॉरंटी संपली. १ मार्च २०२१ ला केंद्राने जुनं ॲप बंद करून ‘पोषण ट्रॅकर’ आणलं. ते त्या फोनला झेपेना. फोन तापायचा, हँग व्हायचा, जागा नाही म्हणायचा. वर ॲप इंग्रजीत. दुरुस्तीचा हजारो रुपयांचा खर्च सेविकेने स्वतःच्या मानधनातून करायचा. पगार नव्हे, मानधन. कारण सरकारच्या लेखी ती कर्मचारीच नाही. माहिती भरली नाही तर कारवाईची भीती. म्हणजे फोन सरकारचा, ॲप सरकारचं, आणि फोन म्हातारा झाल्याची शिक्षा सेविकेला!

ऑगस्ट २०२१ मध्ये या बायांनी एक साधी गोष्ट केली. फोन परत केले. पिशव्यांत, खोक्यांत भरून बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन ठेवले. राज्यभर हजारो सेविकांनी हे मोबाइल वापसी आंदोलन केलं आणि काम वहीवर सुरू ठेवलं. ॲप मराठीत हवं हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये संप झाला, तेव्हा सरकारने मानधनवाढीबरोबर नवे मोबाइल देण्याचं मान्य केलं. या सेविका आणि त्यांच्याहून कमी मानधनावर राबणाऱ्या मदतनीस कोणत्या समाजांतून येतात हे आपल्या गावच्या अंगणवाडीत डोकावून पाहिलं तरी कळेल. रेडिटवर लिहिणाऱ्याकडे गीकबेंच होतं, यांच्याकडे काहीच मोजमाप नव्हतं. तरी दोघांनी केलेली गोष्ट एकच होती. ‘माझाच फोन खराब’ असं मानून गप्प न बसता एकमेकांचा अनुभव ताडून पाहिला. आमच्या मते या देशातल्या ग्राहक चळवळीच्या इतिहासात या आंदोलनाचं नाव लिहायला हवं. तिथे ते सापडत नाही, कारण ग्राहक म्हटलं की आपल्याकडे शहरातला, बिल जपून ठेवणारा, मध्यमवर्गीय माणूस डोळ्यांपुढे येतो.

काही मित्र म्हणतात, बाजारावर सोडा, वाईट कंपनी आपोआप मागे पडेल. सरकारचं नियंत्रण हटलं की माणूस मोकळा होतो असं मानणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये घेरलं आहे. हे स्वातंत्र्य नेमकं कुणाला मिळतं, असा त्यांचा प्रश्न होता आणि उत्तरात त्यांनी जमीनदार आणि भांडवलदाराकडे बोट दाखवलं. विकलेल्या वस्तूवर विक्रीनंतरही कंपनीची सत्ता चालेल, हे त्या काळी कुणी कल्पिलंही नसेल. आज ती चालते. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल ४ए या जुन्या फोनवर एक अपडेट आपोआप पाठवलं आणि काही फोनच्या बॅटरीची वापरता येणारी क्षमता एका रात्रीत घटली. फुकट बॅटरी किंवा भरपाई देऊ केली, हे ॲपलपेक्षा पुढचं पाऊल. सांगितलं, हेही. पण नको म्हणायची सोय मालकाला नव्हती.

त्याच महिन्यात आयओएस १८ नंतर फोन बिघडल्याच्या तक्रारींवरून आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस पाठवल्याचं मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केलं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं होतं. मे २०२५ मध्ये एका समितीने मोबाइल आणि उपकरणांना ‘दुरुस्ती निर्देशांक’ द्यावा, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी हे खोक्यावरच लिहावं, अशी शिफारस केली. शिफारस आणि सक्ती यांत फरक असतो. युरोपने सक्ती केली: २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० चार्जिंगनंतरही ८० टक्के टिकली पाहिजे, सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत, आणि विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट.

फेकलेल्या फोनचं पुढे काय होतं तेही याच हिशेबात येतं. कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य आपल्याच समाजातल्या बाया आहेत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली तीही अशाच बायांच्या बळावर. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात, पण फुगलेली बॅटरी उघड्या हाताने उचलणारी बाई त्या नियमांत शोधून सापडत नाही. हा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लेख लिहू.

आपल्या हातात आज काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. कंपनी बंगळुरूची असो की अमेरिकेची. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि फोन मुलाने विकत घेतलेला, पण त्याच्या संमतीने आई वापरते, तर कायद्याने आईही ग्राहक आहे. सारखीच तक्रार असलेल्या अनेकांना परवानगी घेऊन एकत्र दावाही करता येतो.

सरकारी खरेदीचं वेगळं. अंगणवाडी, आशा, रोजगार सेवक यांच्यासाठी फोन किंवा ॲप येईल तेव्हा निविदेतच अटी हव्यात: बॅटरी तालुक्याच्या ठिकाणी बदलून मिळेल, दुरुस्तीचा खर्च खात्याचा, ॲप मराठीत आणि दिलेल्या फोनवर चालेल एवढं हलकं, आणि फोन बंद पडला म्हणून कुणाचं मानधन वा मजुरी कापली जाणार नाही. या मागण्यांचं निवेदन आम्ही जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेला देणार आहोत. चुडावा आणि पूर्णा तालुक्यातल्या साथींनी आपापल्या गावातल्या सेविका, आशाताई आणि रोजगार सेवकांना भेटून चार गोष्टी वहीत लिहून आणाव्यात: फोन कुठल्या वर्षाचा, कोणत्या ॲपनंतर हळू झाला, दुरुस्तीला किती पैसे गेले, आणि ते कुणी भरले.

जय भीम.